हळद लावलेले व्हायोलिन

फाल्गुनात मी पांढरे कपडे गच्चीवर वाळत घालत नाही. सांगलीच्या बाजारपेठेकडून येणाऱ्या वाऱ्यात त्या दिवसांत हळदीची पूड असते. ती डोळ्यांना दिसत नाही; पण संध्याकाळी दोरीवरून उशीचा अभ्रा काढावा, तर त्याच्या शिवणीत एक फिकट, आजारी पिवळेपणा साचलेला असतो. शेजारणी वैतागतात. मी अभ्रा क्षणभर नाकाशी नेते आणि पुन्हा पाण्यात टाकते. हळद मंगल असते, असे सगळे म्हणतात. ओली हळद चावून पाहिली तर कडू लागते, हे मात्र मांडवात कोणी सांगत नाही.

आमचे गाव इथून एसटीने तासाभराच्या अंतरावर, कृष्णेच्या काठी. नदीच्या गाळाची, मळीची काळी जमीन, वर्षभर ऊस आणि त्याच्या कडेने हळद. शिमग्याच्या आगेमागे हळद निघायची आणि सारे गाव एका मोठ्या कढईभोवती गोळा झाल्यासारखे व्हायचे. गड्डे शिजत असताना जी वाफ उठे, तिला ओल्या मातीचा, कापराचा आणि कुठल्याशा जुन्या औषधाच्या बाटलीचा वास असे. शिजलेली हळद खळ्यावर पसरायची, पंधरा दिवस ऊन खाऊ द्यायची, मग लोखंडी पिंपात घालून फिरवायची. पिंप फिरताना होणारी ती खडखड दुपारच्या झोपेतही ऐकू यायची. आणि शेवटच्या फेऱ्यांत बायका त्या पिंपात हळदीचेच पाणी शिंपडायच्या. बाजारात जाण्याआधी हळदीला हळदीचाच रंग द्यावा लागतो. तिचा स्वतःचा रंग गिऱ्हाइकाला पुरेसा वाटत नाही.

त्या दोन महिन्यांत आमच्या गावात कोणाचे हात पिवळे नसत? आईचे कोपरापर्यंत, चुलत्यांचे मनगटापर्यंत, आम्हा मुलींचे तर केसांच्या मुळांपर्यंत. भाकरीवर पिवळी बोटे उमटत, वहीच्या कोपऱ्यांवर उमटत. पिवळा रंग म्हणजे काम, एवढाच त्याचा अर्थ आम्हांला ठाऊक होता. नदीच्या पलीकडे, शहराच्या डांबरी रस्त्यावर, त्याच रंगाचा दुसरा अर्थ लावला जातो, हे कळायला मला बारावे वर्ष उजाडावे लागले. आणि त्या कळण्याची किंमत माझ्या बहिणीने मोजली.

बहात्तरचा दुष्काळ ओसरून दोनतीन वर्षे झाली होती. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण कमळ, मॅट्रिक होऊन घरी बसली होती. आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायला एक बाई होत्या. एकट्या राहायच्या, आणि संध्याकाळी खोलीचे दार पुढे ओढून व्हायोलिन वाजवायच्या. आक्का त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. मग उंबऱ्याच्या आत. मग त्यांच्यासमोर, मांडी घालून, उजव्या पायाच्या घोट्यावर व्हायोलिनचे डोके टेकवून. तीन वर्षे ती शिकली. नंतर बाईंची बदली झाली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे व्हायोलिनही गेले. आक्का त्यानंतर भांडी घासतानाही डाव्या हाताची बोटे तांब्याच्या कडेवर अशी ठेवायची, की तिथे तारा आहेत आणि त्या फक्त तिलाच दिसताहेत.

माघ संपता संपता बाईंचे पत्र आले. सांगलीच्या एका गायन-वादन विद्यालयात व्हायोलिनसाठी एक मोफत जागा होती. तीन वर्षे शिक्षण, राहणेजेवण तिथेच. परीक्षा फाल्गुनात. अट एकच, वाद्य आपले आपण आणायचे.

आबांनी ते पत्र दोनदा वाचले. आबा फौजेतून हवालदार म्हणून परतलेले. जेवायला बसतानाही त्यांची पाठ भिंतीला टेकत नसे. आक्कासाठी साताऱ्याकडच्या मेढ्याचे एक स्थळ येऊन गेले होते. मुलगा फौजेतच होता, माणसे बरी होती. मुलगी पाहून ती मंडळी आमच्या निरोपाची वाट पाहत होती. आबांनी पत्राची घडी घातली आणि निकाल दिल्यासारखे सांगितले, "जागा मिळाली तर शीक. मी पाव्हण्यांस्नी थांबा म्हनून कळिवतो. न्हाई मिळाली, तर मात्र गपगुमान बोहल्यावर हुबं ऱ्हायाचं."

आक्का म्हणाली, "व्हय."

एवढाच करार. बोलून झाल्यावर ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि फळीवरची सिगारची पेटी घेऊन आले.

ही पेटी म्हणजे आमच्या घरातली एकमेव परदेशी वस्तू. पलटणीतल्या कुणा साहेबाने बदली होताना आबांना दिलेली. पातळ, तांबूस लाकडाची. झाकणावर मोठ्या केसांच्या एका गोऱ्या बाईचे चित्र आणि आम्हांला न वाचता येणारी सोनेरी अक्षरे. उघडली की तिच्यातून तंबाखूचा नव्हे, तर पावसात भिजून वाळलेल्या जंगलाचा वास यायचा. आबा तिच्यात आपली पदके आणि फौजेचे कागद ठेवत. त्यांनी ती जमिनीवर पालथी केली. पदके खणखणत पडली.

आईने विचारले, ती आता कुठे ठेवणार. आबा म्हणाले, "चहाच्या डब्यात. त्यास्नी काय वास लागायचा न्हाई."

पुढचे तीन आठवडे आठवले, की मला वाटते, माणसाच्या आयुष्यात सुखाला फारशी जागा लागत नाही. एका ओसरीचा कोपरा पुरतो. जुन्या खुर्चीच्या सागवानी पायाची आबांनी व्हायोलिनची मान घडवली. पोत्याला टाके घालायचा दाभण चुलीत तापवून त्यांनी झाकणात दोन वळणदार छिद्रे पाडली. बाईंच्या व्हायोलिनला होती तशी, आक्काने कागदावर काढून दिलेली. जळत्या लाकडाचा धूर त्या गोऱ्या बाईच्या केसांतून निघायचा. सुताराकडचा सरस वितळताना इतका घाण वास सुटला, की आईने देवांवर फडके टाकले. तारा पेलणारी घोडी करवंटीची, खुंट्या बाभळीच्या. तारा मिरजेच्या एका सतार करणाऱ्या कारागिराने दिल्या, सतारीच्या उरलेल्या, तुकड्या-तुकड्याने. गजाला लावायचे केस एका टांगेवाल्याच्या घोड्याचे. आबा सांगलीच्या स्टँडवर त्या घोड्याच्या मागे उभे राहून मालकाशी कितीतरी वेळ गोडीने बोलत होते, असे त्यांनीच हसत हसत सांगितले.

पहिल्यांदा तारा ताणल्या, तेव्हा झाकण कट्‌ असा आवाज करून आत दबले. आक्काचा चेहराही तसाच दबला. आबांनी पेटी कानाशी धरून बोटाने ठोकली, जशी आई मडके ठोकायची. मग म्हणाले की वरून कितीही चिकटवा, आतून टेकू पाहिजे. त्यांनी बांबूची एक काडी तासून आत उभी केली. पुन्हा तारा चढल्या. राळ घासलेला गज आक्काने ओढला आणि जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारची गंगूकाकी कुंपणावरून डोकावली. "कमळे, शेळी व्याली का गं?"

आबा म्हणाले, "व्याली न्हवं का. तीन वर्सांनी दूध दिल. तवा ये मागायला."

हळूहळू शेळीचा आवाज मानवी झाला. घोडी इकडे-तिकडे सरकवीत, काडी केसभर हलवीत त्या दोघांनी त्या पेटीतून एक सूर काढला. बाईंच्या व्हायोलिनसारखा तो गोल नव्हता. थोडा घोगरा, नाकातला. रडून झालेल्या माणसाने बोलावे तसा. आक्का रोज पहाटे भूपाची एक गत घोटायची. आबा दाढी करता करता थांबायचे, साबणाचा फेस गालावर वाळू द्यायचे. हा माणूस आपल्या मुलीच्या बाजूचा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुढे जे झाले, ते वाचताना त्याचा विसर पडू नये म्हणून.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आक्का पाटीत भाकरी घेऊन शेतात गेली होती. सकाळी ती पेटीकडे पाहत म्हणाली होती, की तिथे सगळ्यांची वाद्ये चकाकणारी असतील. खरेच, आमचे व्हायोलिन दिसायला दरिद्री होते. झाकणावर अर्धी खरवडलेली बाई, छिद्रांभोवती जळल्याच्या काळ्या कडा, मान एका रंगाची, पेटी दुसऱ्या. मी खळ्यावर गेले. पिंप फिरवणाऱ्या बायकांजवळ बादलीत रंगाचे पाणी कालवलेले होते, त्यातले तांब्याभर घेतले आणि घरी येऊन, जुन्या धोतराच्या चिंधीने, त्या व्हायोलिनला हळद लावली. एक हात, दोन हात, तीन हात. डोक्यापासून तळापर्यंत. मधे मधे उन्हात ठेवून. बाजारात जाणाऱ्या मालाला रंग द्यायचा असतो, हे मला जन्मापासून माहीत होते. मी दुसरे काय करणार होते? संध्याकाळपर्यंत ते सोन्यासारखे दिसू लागले. आक्का परतली, तिने ते हातात घेऊन फिरवून पाहिले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "झाक दिसतंय." आबांनीही मान डोलावली. तीन जणांनी ते पाहिले. तिघांनाही त्यात काही वावगे दिसले नाही.

सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. आक्काने बाईंनीच दिलेले पांढरे वायलचे पातळ नेसले होते. व्हायोलिन उशीच्या अभ्र्यात घातलेले, आणि तो अभ्रा माझ्या मांडीवर. फाल्गुनातली ती उन्हे. गाडीच्या पत्र्यालासुद्धा घाम फुटावा अशी.

विद्यालयाच्या दिवाणखान्यात जाजम अंथरले होते. बैठकीवर एक वयस्क गुरुजी, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. बाजूला तंबोऱ्यावर एक मुलगी. भिंतीकडेला बसलेल्या मुलामुलींच्या मांड्यांवर खरोखरच चकाकणारी वाद्ये होती. कोणीतरी आमच्या पेटीकडे पाहून शेजाऱ्याला कोपर मारले. आबा दाराजवळ ताठ उभे राहिले. मी त्यांच्या मागे, रिकामा अभ्रा धरून.

आक्काचे नाव पुकारले. ती बसली, घोट्यावर व्हायोलिनचे डोके टेकवले, पेटी गळ्याशी घेतली आणि वाजवू लागली.

किती वेळ वाजवले असेल? सातआठ मिनिटे. संपल्यावर तिने गज खाली ठेवला, वाद्य बाजूला केले आणि नमस्कारासाठी हात जोडले. तेव्हा सगळ्यांना दिसले. घामाने रंग सुटला होता. तिच्या उजव्या पावलावर, डाव्या तळहातावर आणि गळ्याच्या कडेला, कानाच्या पाळीपर्यंत, हळद होती. सवाष्णी आंब्याच्या पानाने नवरीला लावतात तशी, पायापासून वर चढत गेलेली. पांढऱ्या पातळाच्या खांद्यावरही एक ओला पिवळा डाग. भिंतीकडेला कोणीतरी हसले.

गुरुजींनी चष्मा वर सारून पाहिले आणि आबांना विचारले, "मुलीला हळद लागलेली दिसते. कुठे दिलीत?"

आबांच्या टाचा जुळल्या. मी मागून पाहत होते. त्यांच्या वहाणांचा आवाज मला ऐकू आला.

"मेढ्याला, सायेब."

गुरुजींच्या बोलण्यात राग नव्हता. ते खिन्नपणे म्हणाले की विद्यालयाकडे ही एकच जागा असते, आणि मागच्या दोन मुली ती अडवून, अर्धे शिकून, सासरी निघून गेल्या. ठरलेल्या मुलीला आता जागा द्यायची नाही, असा त्यांनी नेम केला होता. मग आक्काकडे वळून ते म्हणाले, "सुखाने संसार कर, बाळ." आणि त्यांनी पुढचे नाव पुकारले.

आक्का उठली नाही. ती आबांकडे पाहत होती. स्वतःच्या पावलाकडे, तळहाताकडे तिने अजून पाहिलेच नव्हते. हे काय चालले आहे, हे तिला कळत नव्हते, पण एवढे कळत होते की एक वाक्य बोलायचे राहिले आहे आणि ते बोलणारा माणूस दारात उभा आहे. ठरलेले नाही हो, हा पेटीचा रंग आहे. एवढेच. पुढचा मुलगा आपल्या व्हायोलिनच्या तारा जुळवू लागला. त्या वाक्यापुरता वेळ कितीतरी वेळ तिथे होता. आबा बोलले नाहीत. मीही बोलले नाही. रंग मी लावला होता, आणि मला मार बसेल याची भीती वाटत होती.

सांगलीच्या स्टँडवर नळ होता. माझ्या लक्षात आले, की तिच्या हाताकडे पाहून लोक बाजूला होत होते, जागा देत होते. नवरीला देतात तशी. चहाच्या टपरीवरून कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा मागून घेऊन तिने हात आणि गळा धुतला. साबण लागताच हळद लाल झाली. गळ्यावरून, मनगटावरून लाल पाणी ओघळू लागले, आणि मी घाबरून रडू लागले. आक्काने माझ्याकडे पाहिले नाही. हात धूत धूतच विचारले, "कवा लावलंस?"

"काल दुपारी. तू शेतात गेल्यावर."

ती बराच वेळ तळहात चोळत राहिली. मग म्हणाली, "रंग बाकी चांगला आला हुता."

वैशाखात तिचे लग्न झाले. हळदीच्या दिवशी बायकांनी तिला पाटावर बसवले, तेव्हा मी माडीवर जाऊन कानांत बोटे घालून बसले होते. व्हायोलिन तिच्यासोबत गेले नाही. पावसाळ्यात केव्हातरी आबांनी तारा उतरवल्या, मान उपटून काढली आणि पदके, कागद पुन्हा पेटीत ठेवले. झाकणातली दोन छिद्रे मात्र राहिलीच. पुढे त्यांतून कसर शिरली आणि आबांच्या नोकरीचे निम्मे कागद तिने खाल्ले.

मी मेढ्याला जायचे, ते बहुतेक श्रावणात. डोंगर ढगांत, अंगणात शेवाळ, भाताच्या खाचरांत गुडघाभर पाण्यात वाकलेली आक्का. दाजी सरहद्दीवर, वर्षाकाठी महिनाभर घरी. माणसे खरोखरच चांगली होती, हेही लिहायला हवे. तिला कोणी छळले नाही. कोणी काही विचारलेही नाही. भांडी घासताना तिची बोटे आता भांडी घासण्यापुरतीच हलत.

आणि मला आबांनी सांगलीला कॉलेजात घातले. कसली अट नाही, कुठल्या पाहुण्यांचा निरोप नाही. एम. ए. होईपर्यंत त्यांनी माझ्या लग्नाचा विषय काढला नाही. मी कविता शिकले, कविता शिकवल्या, जुन्या ओव्यांमधल्या बायकांच्या दुःखावर व्याख्याने दिली. ज्या पायरीवर मी उभी आहे, ती कोणाच्या पाठीची आहे, हे मला प्रत्येक व्याख्यानात ठाऊक होते. आबा त्या दिवशी का बोलले नाहीत? साहेबाच्या जागी बसलेल्या माणसाला उलट उत्तर द्यायचे नाही, ही पंचवीस वर्षांची फौजी सवय होती? की मेढ्याचे स्थळ हातचे जाऊ नये, असे त्यांना आतून वाटतच होते, आणि समोरच्या माणसाने ते काम परस्पर करून टाकले? तीन आठवडे पेटी घडवणारा बाप खरा, की ते दोन शब्द उच्चारणारा? मी त्यांना कधी विचारले नाही. शेवटच्या आजारात ते अधूनमधून म्हणायचे, "कमळी बरी हाय न्हवं?" आणि उत्तर येण्याआधीच भिंतीकडे तोंड वळवायचे.

मागच्या फाल्गुनात आक्का माझ्याकडे आली होती, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. काळा चष्मा लावून ती सकाळी गच्चीत बसायची. बाजारपेठेकडून वारा आला, तिने श्वास भरून घेतला. इतक्या वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल एकदाही बोललो नव्हतो. तिने तोंड माझ्याकडे वळवले नाही.

"शकू, त्या दिशी मी कसं वाजिवलं गं?"

तिच्या हळदीबद्दल त्या दिवाणखान्यात प्रत्येकाने काही ना काही केले; कोणी हसले, कोणी आशीर्वाद दिला. तिच्या वाजवण्याबद्दल कोणी एक शब्दही बोलले नव्हते. ना गुरुजी, ना आबा, ना मी. आता विचारायला एकटी मीच उरले होते. मी डोळे मिटून आठवू लागले. पाऊल दिसले, तळहात दिसला, कानाच्या पाळीखालचा पिवळा ओघळ दिसला. आवाज आला नाही. गज पहिल्यांदा ओढला तेव्हाच तिच्या गळ्यावर उतरणारा रंग माझ्या नजरेला पडला होता, आणि त्यानंतर मी काहीच ऐकले नव्हते.

"लय चांगलं वाजिवलंस, आक्का," मी म्हणाले.

तिने काळा चष्मा नाकावर नीट बसवला.

"शेवटाला, जलद झाल्यावर, बोट अडकलं हुतं माझं. तुला कळलं का तवा?"

"जरासं कळलं," मी म्हणाले. "पर बाकी कुणाच्या ध्यानात आलं नसंल."

खाली रस्त्यावरून हळदीच्या पोत्यांचा ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"अडकलं न्हवतं, शकू," आक्का म्हणाली.